सुताचा काउंट विचारता, मग तारेचा का नाही?

ही पोस्ट स्पीकरच्या वायरीवर आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे पैशाचा हिशोब आहे आणि त्याच्याही पुढे आगीचा.

आपलं गाव भिवंडी. इथे कोणी "जरा हेवी सूत द्या हो" म्हणून सूत घेत नाही. काउंट विचारतात, डेनियर विचारतात. ९,००० मीटर धागा ७५ ग्रॅम भरला तर तो ७५ डेनियर. ७५ सांगून भलतंच निघालं तर शेठ माल परत पाठवतो आणि वर चार शब्द सुनावतो. कापडाचा पन्हा किती, रीड किती, पिक किती, यावर मीटरमागे पैशा-पैशाची घासाघीस चालते. कापडात पॉलिएस्टर किती टक्के आणि कॉटन किती हे कापडावर छापायचा नियम १९८८ पासून आहे. म्हणजे मोजमाप ही आपल्या गावाची भाकरी आहे.

आणि हाच माणूस दिवाळीच्या ऑफरमध्ये होम थिएटर घ्यायला जातो तेव्हा म्हणतो, "भाऊ, वायर चांगली दे." दुकानदार वरच्या फळीवरून पारदर्शक, जाडजूड, चकचकीत वायरीचं रीळ काढतो. "ही घ्या, ओएफसी आहे. साउंड एकदम खुलतो." झालं. डेनियर नाही, काउंट नाही, काही नाही. बोटांनी जाडी चाचपली आणि पैसे मोजले.

गेल्या दिवाळीत पद्मानगरमधल्या एका ओळखीच्या घरी असंच रीळ आलं. पाच स्पीकर, एक सबवूफर, बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर. वायर ३० मीटर, मीटरला १६० रुपये. म्हणजे ४,८०० रुपयांची नुसती वायर. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तो एकटा नाही आणि पुढे सांगतो तसा तोच मोठा गुन्हेगारही नाही. वायरीच्या आवरणावर इंग्रजीत "प्रो", "हाय डेफिनिशन", "ओएफसी" असं सगळं छापलेलं. धातू कोणता? छापलेलं नाही. किती चौरस मिलिमीटर? छापलेलं नाही. बनवली कोणी? तेही नाही. मी टोक सोललं, एक केसाएवढी तार घेतली आणि ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी.

ॲल्युमिनियम. वर तांब्याचा मुलामा. धंद्यात याला सीसीए म्हणतात, कॉपर क्लॅड ॲल्युमिनियम. वजनाला हलकी लागते, त्यावरूनही शंका यावी. (एक लक्षात ठेवा, काही चांगल्या तारांवर कथिलाचा मुलामा असतो. त्या वरून पांढऱ्या दिसतात आणि खरवडल्यावर आतून लाल निघतात. त्यांना घाबरायचं कारण नाही. उलटं निघालं तर घाबरा.)

सीसीए बनवणं हा काही गुन्हा नाही. स्पीकरच्या आत जे कॉइल असतं त्यालाही वजन कमी ठेवायला काही कंपन्या मुद्दाम हीच तार वापरतात. तिचे तिचे उपयोग आहेत. पण ती तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच वीज वाहते, आणि ती तांबं म्हणून, तांब्याहून चढ्या भावात विकणं याला मराठीत एकच शब्द आहे. भेसळ. दुधात पाणी घातलं तर आपण आरडाओरडा करतो. तांब्यात ॲल्युमिनियम घातलं तर म्हणतो, "आवाज मस्त येतोय की!"

आता हिशोब. सातवी पास माणसाला जमेल असा आहे, आणि म्हणूनच दुकानात तो कोणी सांगत नाही.

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जितके मीटर, त्याची दुप्पट करा, कारण वीज जाते आणि परतही येते. त्याला ०.०१७२ ने गुणा. तारेच्या चौरस मिलिमीटरने भागा. उत्तर आलं ते तारेचा रोध, ओहममध्ये. हा आकडा स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असला की विषय संपला. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ०.४ पर्यंत चालतं, ६ चा असेल तर ०.३, ४ चा असेल तर ०.२. ८ ओहमला ०.४ रोध आला तर आवाजात पडणारा फरक अर्ध्या डेसिबललाही पोचत नाही.

करून बघू. आपल्या गावातला हॉल किती मोठा? दहा बाय पंधरा म्हणजे चैन. भिंतीच्या कडेने, दरवाजाला वळसा घालून मागच्या स्पीकरला वायर नेली तरी दहा मीटरच्या पुढे जात नाही. दहा मीटर, म्हणजे वीस. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर रोध येतो ०.२३. पास. २.५ ची घेतली तर ०.१४, म्हणजे ४ ओहमचा स्पीकरसुद्धा पास. पुढच्या तीन स्पीकरना तीन-तीन मीटर लागते, तिथे तर १ चौरस मिलिमीटरसुद्धा पुष्कळ.

आता ते चकचकीत रीळ. बाहेरून बोटाएवढं जाड, पण ती जाडी प्लास्टिकची. आत अर्धा चौरस मिलिमीटर सीसीए निघाली तर दहा मीटरला रोध जातो १ ओहमच्या वर. ४ ओहमच्या स्पीकरला ती लावलीत तर दोन डेसिबल वाटेतच गेले. वर स्पीकरचा रोध सुरासुराप्रमाणे बदलतो, त्यामुळे काही सूर जास्त दबतात आणि काही कमी. म्हणजे ज्या वायरीने "साउंड खुलतो" म्हणून सांगितलं, तिनेच तो आवळला. मीटरला १६० रुपये देऊन.

आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात साधी दोन कोअरची, लवचीक, तांब्याची, १.५ चौरस मिलिमीटरची वायर मिळते. आयएसआय शिक्का असलेली. आवरणावर मीटरा-मीटराला कंपनीचं नाव, आकार, सगळं छापलेलं. भाव त्या १६० च्या निम्म्याहूनही कमी. स्पीकरला ती लावा. स्पीकरला वायरीचं नाव वाचता येत नाही.

गेजची भानगड वेगळीच. "सोळा गेज आहे साहेब" असं ऐकलं की गिऱ्हाइकाला वाटतं आकडा मिळाला. गेज हे काउंटसारखं उलटं चालतं, आकडा वाढला की तार बारीक, हे आपल्याला सुतावरून समजायला हवं. पण गेज दोन आहेत. ब्रिटिश एसडब्ल्यूजीमध्ये १६ गेज म्हणजे २.०८ चौरस मिलिमीटर. अमेरिकन एडब्ल्यूजीमध्ये १६ गेज म्हणजे १.३१. आपल्याकडचे जुने मिस्त्री ब्रिटिश गेज बोलतात आणि बाहेरून आलेल्या रिळावर अमेरिकन छापलेलं असतं. नाव एकच, तांबं एक तृतीयांशाहून जास्त कमी. सुतात असा खेळ कोणी केला असता तर बाजारात उभं राहू दिलं नसतं त्याला. म्हणून गेज विचारूच नका. चौरस मिलिमीटर विचारा.

ओएफसी म्हणजे ऑक्सिजन-फ्री कॉपर. ही चीज खरी आहे, खोटी नाही. पण तांब्याची वाहकता मोजायचं जागतिक माप १९१३ साली ठरलं, त्यात साधं वायरीचं चांगलं तांबं १०० टक्क्यांवर बसतं. ऑक्सिजन काढलेलं तांबं १०१ च्या आसपास. एक टक्का! तो एक टक्का हवा असेल तर तार एक टक्का जाड घ्या. आणि ज्या रिळात मुळात तांबंच नाही त्यातून ऑक्सिजन काढला म्हणजे काय केलं, हे मला कोणी तरी समजावून सांगा.

सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना असतात. सोनं गंजत नाही, दमट हवेत जोड काळा पडत नाही, एवढाच त्याचा उपयोग. खाडीकाठच्या गावात तो उपयोग थोडाफार आहेही. पण सोन्यामुळे आवाज "गोड" होत नाही. "सगळ्या स्पीकरच्या वायरी एका मापाच्याच लागतात, नाही तर आवाज मागेपुढे पोचतो," असं सांगून जास्तीची वायर गळ्यात मारतात, तेही ऐकलंय. अहो, तारेतून संकेत अब्जांश सेकंदात वीसेक सेंटिमीटर जातो. पाच मीटरचा फरक म्हणजे सेकंदाचे पंचवीस अब्जांश. तुम्ही सोफ्यावर मान एक सेंटिमीटर हलवलीत तर त्याच्या हजारपट फरक पडतो. मान हलवायचे पैसे घेत नाहीत अजून.

अमेरिकेत तर याची हद्द झाली होती. २००७ मध्ये एका कंपनीची स्पीकर केबल, बारा फुटांची जोडी, ७,२५० डॉलरला विकली जात होती. जेम्स रँडी म्हणून एक गृहस्थ होते, जादूगार, आणि बुवाबाजी उघडी पाडणारे. आपल्याकडे दाभोलकरांनी जे काम केलं त्या जातकुळीतलं. त्यांनी सांगितलं, डोळ्यांनी न बघता, नुसतं ऐकून ही केबल आणि साधी चांगली केबल वेगळी ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. चर्चा झाली, लेख झाले, कंपनीने अंग काढून घेतलं आणि परीक्षा काही झालीच नाही. भानामती असो की केबल, परीक्षेची वेळ आली की देव कोपतो.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. या गावात ज्या माणसाने वीस वर्षं लूमवर काढली त्याच्या कानाचं काय झालंय, हे त्याच्या बायकोला विचारा. नव्वद डेसिबलच्या वरचा खटखटाट, पाळीच्या पाळी, कानात बोळा नाही. आवाजाने जाणारा कान आधी बारीक, तीक्ष्ण सुरांवर जातो, चार हजार हर्ट्झच्या आसपास. टीव्हीचा आवाज मोठा का लावतात म्हातारे, ते यामुळे. अशा माणसाचा मुलगा गोदामात नोकरीला लागतो, चार पैसे साठवतो, बापासाठी घरात थिएटर आणतो. आणि दुकानदार त्याला सांगतो, या केबलमुळे बारीकसारीक सूरसुद्धा वेगळे ऐकू येतात. बारीकसारीक सूर! त्या बापाला चांगल्या सेंटर स्पीकरची गरज आहे, कारण संवाद तिथून येतात. ते ४,८०० रुपये सेंटर स्पीकरमध्ये गेले असते तर म्हाताऱ्याला सिनेमातलं बोलणं कळलं असतं.

एचडीएमआयवर फार लिहीत नाही. तिथे आकडेच वाहतात, शून्य आणि एक. पोचले तर पूर्ण पोचतात, नाही तर पडद्यावर ठिपके येतात, काळं होतं, आवाज तुटतो. "महागड्या एचडीएमआयने बास वाढतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा. दोन-तीन मीटरला प्रमाणित साधी केबल पुरते. नव्या ४८ गिगाबिटच्या केबलच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असतं, ते दुकानातच स्कॅन करून बघा. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर मात्र साधी तांब्याची नको, आत प्रकाशतंतू असलेली घ्या. तिथे पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

इथपर्यंत हा पैशाचा प्रश्न होता. कोणी म्हणेल, ज्याला हौस आहे तो फसला, आपल्याला काय. पण तेच रीळ घराघरात दुसऱ्या कामालाही लागतं. लाल-काळी जोडवायर स्वस्त मिळते. गणपतीच्या मखराला ती, लग्नाच्या मांडवात ती, चाळीत शेजाऱ्याकडून पंख्याला लाइन ओढायला ती, कारखान्यात कांडी मशीनच्या वरच्या ट्यूबला ती. २३० व्होल्टवर! स्पीकरच्या वायरीचं आवरण त्या कामासाठी बनवलेलंच नसतं. आत सीसीए असली तर ती तांब्याहून जास्त तापते. स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम काळानुसार दबतं, जोड सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो, आणखी तापतं. सैल जोडावर ठिणगी पडते आणि आपल्या गावात ठिणगीच्या शेजारी काय असतं? सूत. कापसाची धूळ. पॉलिएस्टरचे तागे. पुठ्ठ्याची खोकी. भिवंडीत आग लागली ही बातमी आता बातमी राहिलेली नाही, आणि "शॉर्टसर्किट" हे दोन ओळींत उरकायचं कारण झालंय. शॉर्ट झालेली वायर कुठली होती, कुठल्या धातूची, कुणी विकली, हे त्या दोन ओळींत मी कधी वाचलेलं नाही.

अर्थिंगचंही असंच. ॲम्प्लिफायर लावला आणि स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येऊ लागला की कोणी तरी शहाणा सांगतो, "अर्थची पिन कापून टाका, आवाज जाईल." जातोही. आणि आत काही बिघडलं तर धातूच्या डब्यावर येणारी वीज जायची वाटही त्याच्याबरोबर जाते. पुढचा हात लावणारा माणूस ती वाट होतो. पावसाळ्यात, ओल्या लादीवर, अनवाणी. त्या घूंऽऽ आवाजाचं कारण बहुतेक वेळा टीव्ही, डिश आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डावर जोडलेले असतात हे असतं. सगळे एकाच बोर्डावर घ्या. डिशची किंवा केबल टीव्हीची वायर काढून बघा. आवाज थांबला तर त्या वायरीला आयसोलेटर लावा. पिन कापायची नाही. आणि आधी मुळात त्या तिसऱ्या भोकामागे वायर आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या, कारण जुन्या चाळींतल्या कितीतरी बोर्डांत ते भोक नुसतं शोभेचं असतं. २००७ पासून गावात वीज खासगी कंपनीच्या हाती आली, मीटर बदलले, बिलावरून मोर्चे निघाले, चोरीवरून छापे पडले. यातला प्रत्येक विषय तापला. घरातल्या अर्थिंगचा विषय मात्र कधी कुणाच्या जाहीरनाम्यात दिसला नाही, कारण त्यातून ना कंपनीला वसुली ना पुढाऱ्याला मोर्चा.

ज्यांना आजच जोडायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून टाकतो, नाही तर म्हणाल नुसतीच टीका केली. जोडताना ॲम्प्लिफायरचा प्लग काढून ठेवा. लाल लालला, काळी काळीला, पाचही स्पीकरना. एकाची उलटी लागली तर जळत काही नाही, पण बास पोकळ होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही. "स्पीकर खराब निघाला" म्हणून परत नेलेल्या कितीतरी सेटमध्ये एवढंच असतं. वायरीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. वूफरचा पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या टोकाला तो प्लस. ट्वीटरवर हा प्रयोग करू नका. सोललेल्या तारेचा एकही केस शेजारच्या खिळीला लागता कामा नये, ॲम्प्लिफायर जळतो तो असा. ॲम्प्लिफायरच्या मागे किमान ओहम लिहिलेले असतात, त्याच्या खाली जाऊ नका. ८ चे दोन स्पीकर एकाच खिळीवर शेजारी शेजारी जोडले की ते ४ होतात, हे विसरू नका. स्पीकरची वायर लाइटच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. पुढचे दोन स्पीकर तुमच्या नजरेच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, मागचे एकशे दहावर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. एवढं फुकटात केलंत तरी कुठल्याही केबलपेक्षा जास्त फरक ऐकू येईल.

आणि हो, भिंतीपलीकडे माणसं राहतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत खासगी साउंड सिस्टिमसुद्धा येते. तुमच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त चढता कामा नये, आणि निवासी भागात रात्री मर्यादा ४५ आहे. डीजेवाल्यांना शिव्या देणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

आता दुकानदार मित्र म्हणतील, "गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, आम्ही काय करणार?" अहो, मग स्वस्त द्या. सीसीए आहे म्हणून सांगा, सीसीएचा भाव लावा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. तीन मीटरच्या छोट्या स्पीकरला जाड सीसीए चालूनही जाते. पण तुमचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. तुम्हीही लोहार चाळीतून, लॅमिंग्टन रोडवरून सीलबंद रीळ आणता. तुम्हालाही आत काय आहे ते सांगितलेलं नसतं. म्हणजे फसवणूक वरूनच सुरू होते, आणि गिऱ्हाईक भांडतं ते काउंटरवरच्या पोराशी. ते पोर सोडा, रीळ कुठून आलं ते धरा.

घराच्या वायरिंगच्या पीव्हीसी केबलला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, आयएस ६९४ नावाचं मानक आहे, शिक्क्याखाली परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. व्यवस्था आहे, म्हणजे ती करता येते. पण "स्पीकर वायर" असं नाव दिलं की त्या रिळावर हा शिक्का मला तरी बाजारात दिसत नाही. नाव बदललं आणि नियम संपला! आत तीच दोन धातूंची तार, बाहेर तेच प्लास्टिक, आणि घरी गेल्यावर तीच २३० व्होल्टला लागणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक. मीटरवर कापून दिलेल्या वायरीला पॅकिंग नाही म्हणून लेबल नाही, असंही सांगतात. मग आवरणावर छापा ना. "हाय डेफिनिशन" छापायला शाई पुरते, "ॲल्युमिनियम" छापायला संपते?

सरकारकडे मागणी फार मोठी नाही. दोन कोअरची कुठलीही वायर, तिला स्पीकरची म्हणा, मखराची म्हणा, तिच्यावर दर मीटरला धातू, चौरस मिलिमीटर आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव छापलेलं असावं. २३० व्होल्टला चालत नसेल तर तेही. मराठीत छापलंत तर उपकार.

आणि तपासणीसाठी गल्लोगल्ली फिरायची गरज नाही. मुंबईत जाणारा माल माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांत उतरतो. ऑनलाइनची खोकी तिथूनच निघतात. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत दोन मोठ्या ऑनलाइन कंपन्यांशी संबंधित गोदामांवर छापे टाकले आणि शिक्का नसलेले गीझर, मिक्सर, बूट असा हजारो नगांचा माल जप्त केला. दिल्लीत होतं ते भिवंडीत का होऊ नये? एक ब्लेड आणि एक वजनकाटा घेऊन दोन अधिकारी आठवडाभर आपल्या गोदामांत बसले तर सबंध मुंबईच्या रिळांचा हिशोब लागेल. आपल्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न विचारावा. रस्त्यावरच्या खड्ड्यांचा फोटो काढून झाला असेल तर.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. वायर घेताना पक्कं बिल मागा आणि त्यावर "कॉपर, १.५ चौरस मिमी" असं लिहून घ्या. दुकानदार लिहायला कचरला तर उत्तर मिळालं. लिहून दिलं आणि आत पांढरं निघालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ऑनलाइन घेतलं असेल तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. २०१९ च्या कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीची असो की आणखी कुठली.

तक्रारीबरोबर बिलाची प्रत जोडा, रिळावरच्या छपाईचा फोटो जोडा, आणि वायरीचा एक तुकडा, एका टोकाला सोलून, ब्लेडने खरवडून, पारदर्शक पिशवीत. दहा सेंटिमीटरचा पुरतो.